पेटीवरचं कुंकू

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायचं म्हटलं तरी आधी तुमचा चेहरा नीट आठवावा लागतो. काल तसं झालं नाही. काल तो आपण होऊन समोर आला. उडदाच्या पापडाचं पीठ कुटायला घेतलं होतं, ते अर्धवट टाकून मी गच्चीवर गेले, आणि जळगावहून आलेल्या इंजिनिअरने मला विचारलं, "काकू, ह्या पेटीला हात कोणी लावला?" तोंड त्याचं होतं, पण आवाज मला तुमचा ऐकू आला. धुळ्याचं आपलं दुकान, टेबलावर उलटा पाडलेला सेट, आणि चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही विचारताय. साठी आली माझी, नातवंडं झाली, तरी क्षणभर मी पुन्हा तीच शाळकरी पोर झाले. त्या वेळी मी गप्प बसले होते. काल बसले नाही. आणि काल बसले नाही म्हणूनच त्या वेळच्या गप्प बसण्याचा राग आता दुपटीने वर आला आहे. पूजा झाल्यावर देवापुढे पाच मिनिटं डोळे मिटून बसायची सवय मला तुम्हीच लावलेली. आज सकाळी डोळे मिटले तर देवाच्या जागी तुम्ही. मग उठले, जुन्या कॅलेंडरची पानं काढली आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर हे लिहायला बसले. देवाला म्हटलं, थोडा थांब, आधी नानांशी बोलून घेते.

आमच्या असोद्याच्या घरावर आता काय उभं आहे ते आधी सांगायला हवं. लोखंडी खांब आहे, त्याला तीन दिशांना तीन पांढऱ्या उभ्या फळ्या, आणि प्रत्येक फळीमागे एक पेटी. गावातले लोक टावर म्हणतात. जळगावच्या ज्या लहानशा कंपनीचं ते आहे, तिची माणसं बेस स्टेशन म्हणतात. तुम्हाला कळेल असं सांगायचं तर ते रेडिओ स्टेशनच आहे, पण एकट्यानेच बोलणारं नाही. आपल्या सेटसारखं नुसतं ऐकायचं नसतं. ही पेटी बोलते, आणि लांबलांबच्या घरांवर बसवलेले लहान रेडिओ तिला उलट उत्तर देतात. टपाल, फोन, पेपर, शाळा, बँक, सगळं आता त्या बोलण्यातून जातं. आमचं घर उंचावर आणि गच्ची मोकळी, म्हणून त्यांनी जागा मागितली, आणि ह्यांनी, म्हणजे तुमच्या जावयांनी, दिली. मला कोणी विचारलं नाही. पण गच्ची झाडते मी, जिन्याची किल्ली माझ्या कमरेला, त्यामुळे जो येतो तो आधी मलाच हाक मारतो.

पहिला जो इंजिनिअर होता तो फार गुणी माणूस. उन्हात बसून मांडीवरच्या लॅपटॉपात आकडे भरायचा, आणि मला म्हणायचा, "काकू, तुमचं अक्षर चांगलं आहे, एवढं लिहून ठेवा. माझा भरवसा नाही, तुमच्या वहीचा आहे." माझी वही म्हणजे घरखर्चाचीच, तिच्या मागच्या बाजूने मी त्याचे आकडे लिहायला लागले. उत्तरेकडची फळी, पूर्वेकडची फळी, दक्षिणेकडची फळी. प्रत्येकीचं चॅनल कोणतं, चॅनलची रुंदी किती, पॉवर किती, आणि अंतर किती. चॅनल मला सांगावं लागलं नाही, तुमच्या दुकानात वाढलेली मी. रुंदी म्हणजे रस्त्याची रुंदी, तेही कळलं. अंतर मात्र मी त्याला विचारलं. लहर काय अंतर विचारून जाते का? तर तो म्हणाला, "काकू, शाळेत हजेरी घेतात तसं आहे हे. पेटी एकेकाला हाक मारते आणि उत्तराला ठरावीक वेळ देते. लांबच्याचं 'हजर' यायला वेळ लागतो. पेटीला आपण जेवढं अंतर सांगू तेवढाच वेळ ती थांबते. कमी सांगितलं, तर मागच्या बाकावरच्याने हजर म्हणेपर्यंत पेटी पुढच्या नावावर गेलेली असते. मुलगा वर्गात बसलेला, आणि पटावर गैरहजर." नाना, इतकं सोपं करून मला कोणी काही सांगितल्याला किती वर्षं झाली होती, ते मी त्याला सांगितलं नाही. चहात आलं जास्त घातलं.

त्याच पहिल्या दिवशी उत्तरेच्या फळीचं अंतर भरताना तो चुकत होता, आणि मी त्याला थांबवलं. ज्यांना जोडणी द्यायची त्या घरांच्या यादीतलं सगळ्यात लांबचं गाव इथून सरळ रेषेत साडेसहा किलोमीटरवर. त्याने आठ भरलं, थोडं जास्त ठेवायचं असतं म्हणून. मी यादीतलं नाव वाचलं आणि म्हटलं, "हे लोक गावात राहत नाहीत. त्यांचं घर बंद असतं, पोळ्याला आणि कानबाईच्या सणाला उघडतात. राहतात ते तापीकडच्या मळ्यात, केळीत." रेशनकार्डावर गाव, मतदानाला गाव, देव गावात, म्हणून कागदावर पत्ता गावाचा. माणसं मात्र बारा महिने मळ्यात. इथल्या निम्म्या केळीवाल्यांचं असंच आहे. त्याने मोबाइलवर नकाशा काढला, मी बोट ठेवून मळा दाखवला, अंतर निघालं अकरा. त्याने पेटीला तेरा सांगितलं आणि मला म्हणाला, "लिहा काकू, उत्तर, अंतर तेरा, कारणासकट लिहा." मी कारणासकट लिहिलं. खाली तारीख. पुढे त्याला नाशिकला चांगली नोकरी लागली आणि तो गेला. जाताना पाया पडला.

आता कालचं. गेल्या आठवड्यात कंपनीने जळगावात बसल्या बसल्या पेट्यांत नवीन काहीतरी घातलं, आणि उत्तरेच्या पेटीतले जुने आकडे पुसले गेले. नवा इंजिनिअर आला, यादी बघून आकडे भरले, जवळची घरं सुरू झालेली पाहिली आणि निघून गेला. मळ्यातलं सुरू झालं नाही. तिथल्या बाईंचा मला फोन, बांधावर चढून केलेला, कारण खाली केळीत मोबाइलही लागत नाही. "वहिनी, आमचं काही लागू नाही राह्यलं व. पोरीचे बारावीचे क्लास चालले, तुम्ही सांगा न त्याले." मी सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी आला आणि त्याने पॉवर पूर्ण वर नेली. मळ्यातलं लागलं नाहीच, उलट देवळाशेजारचं, जे चांगलं चालत होतं, ते अडखळायला लागलं. मला तुमचं बोलणं आठवलं. गिऱ्हाईक सेटचा आवाज पिळत बसायचं तेव्हा तुम्ही म्हणायचात, आवाज वाढवून स्टेशन येत नाही, आधी स्टेशनावर तरी या. मी त्याला म्हटलं, "भाऊ, पॉवरचं नाही हे. अंतर बघा." तो हसला. "काकू, तुम्ही पापड बघा." मग म्हणाला केळीच्या पानांत पाणी असतं, लहर अडते. मी म्हटलं, "मधली केळी गेल्या महिन्यात कापली गेली. खुंट उरलेत. खुंटांना अडतंय का?" तर तो ऐकू न आल्यासारखा खाली उतरला.

काल तिसरा दिवस. तो आला तो कपाळाला आठ्या घालून, साहेबाची बोलणी खाल्ली असणार. वर गेला, पेटीभोवती फिरला, आणि मला हाक. मी हात धुऊन, पदराला पुसून वर गेले. त्याने बोट दाखवलं. पेटीच्या खालच्या कडेला कुंकवाचा डाग. हळदीचं बोट, वर कुंकू, दसऱ्याला लावलेलं. मी दर दसऱ्याला तिन्ही पेट्यांना लावते, झेंडूचं एक फूल खांबाला बांधते. यंत्र आहे, आपल्या डोक्यावर उभं राहून राबतं, त्याला वर्षातून एक दिवस हळदकुंकू नको? तो म्हणाला, "हात लावल्याशिवाय हे लागलं का? तुम्ही वर वाळवण घालता, ये-जा करता, हलवलंय तुम्ही काहीतरी. म्हणूनच लागत नाही." आणि खिशातून कागद काढला. कागदावर छापलेलं, खाली त्याने पेनाने भरलेलं, की घरमालकाकडून साहित्याशी छेडछाड झाल्यामुळे बिघाड. खाली सहीची जागा. "सही करा, म्हणजे मला पुढचं काम करता येईल. नाहीतर कंपनी इथलं सगळं उतरवून दुसऱ्या गच्चीवर नेईल, आणि गावाला काय सांगायचं ते तुम्ही सांगा." एवढ्यात हे वर आले. ह्यांना वाद म्हटला की अंगावर काटा येतो. कागद वाचला, पेन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "कर व सही. आपलं काय जाते?"

आपलं काय जातं! नाना, त्या तीन शब्दांनी मला थेट धुळ्याला नेलं. कारण आईही हेच म्हणाली होती.

तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही, म्हणून मी आठवण करून देते. मी शाळेतून परस्पर तुमचा डबा घेऊन दुकानात यायची. तुम्ही जेवायचात आणि मी पत्र्याच्या स्टुलावर बसून उघडे सेट बघायची. त्यांच्या पोटात त्या चांदीच्या रंगाच्या डब्या, आणि डबीच्या आत काळी, खडूसारखी ठिसूळ कांडी, तिला खाच. ती एक केसभर फिरवली की खरखर जाऊन स्टेशन मोकळं व्हायचं. तिला लोखंड लावायचं नाही, हे तुम्ही दादाला शंभरदा सांगितलंत आणि मला एकदाही नाही, तरी माझ्या डोक्यात पक्कं बसलं. लोखंड जवळ नेलं की लहर बिघडते, आणि जोर लागला की कांडी तडकते. तुम्ही बांबूची चोय तासून वापरायचात, ती दर आठवड्याला झिजायची. मग आईची स्वेटर विणायची प्लास्टिकची सुई मोडली, ती मी मागून घेतली. पाट्यावर घासून घासून तिचं टोक चपटं केलं, बरोब्बर खाचेत बसेल असं. तीन दिवस लागले, बोटाची साल गेली. तुम्हाला डब्याच्या झाकणावर ठेवून दिली. तुम्ही ती एका सेटच्या पोटात घातली, फिरवली, कान तिरपा केलात आणि म्हणालात, "हाई भारी शे." बस, एवढंच. मला ते आठ दिवस पुरलं. त्यानंतर गिऱ्हाईक नसलं की तुम्ही मला कधीकधी काटा फिरवू द्यायचात, स्टेशन शोधायला. कांडीला मात्र नाही. कांडीला हात तुमचाच.

आणि मग त्या कापडवाल्या शेठजींचा मोठा सेट आला. तुम्ही हात धुवायला मागे गेला होतात. मी डबा घेऊन पायरीवर चढले, तर दादा टेबलावर ओणवलेला, हातात लोखंडी स्क्रूड्रायव्हर. मला बघून दचकला आणि कट् असा आवाज झाला. एवढासा आवाज, पण मला कळलं काय तुटलं ते. त्यालाही कळलं. तुम्ही आलात, सेटमध्ये वाकून पाहिलंत, चष्मा कपाळावर सरकवलात. "हाई कोन्ही करं?" दादा रस्त्याकडे बघायला लागला. शेठजींचा माणूस सेट न्यायला दारात उभा. तुम्ही दादाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत, आणि माझ्याकडेच बघत राहिलात. "तुन्हं काय काम शे आठे? घर जाय." त्या माणसाला म्हणालात, पोरीने हात लावला, दोन दिवस लागतील. मी डबा ठेवला आणि गेले. घरी आईला सगळं खरं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "जाऊ दे. आपलं काय जातं?" दुसऱ्या दिवसापासून डबा दादा न्यायला लागला. मी मॅट्रिक झाले त्या साली घरात रेडिओ दुरुस्तीच्या कोर्सचा फॉर्म आला, तो दादाच्या नावाचा होता. त्याने कोर्स अर्धा सोडला आणि नरडाण्याला कारखान्यात लागला, निवृत्तही झाला. मी असोद्याला आले.

इथपर्यंत मी तुम्हाला माफ केलं असतं, नाना. खरंच केलं असतं. माणूस चुकतो, घाईत असतो, गिऱ्हाईक दारात असतं. पण त्या वर्षीचा दसरा. वर्षातून त्या एका दिवशी मला दुकानात येऊ दिलंत, कारण हत्यारांना हळदकुंकू घरच्या पोरीने लावायचं असतं. मी सगळी हत्यारं पाटावर मांडली. पक्कड, डाग द्यायचा कैया, मीटर, स्क्रूड्रायव्हर, आणि सगळ्यात शेवटी माझी सुई. मी सुईला कुंकू लावलं तेव्हा तुम्ही माझ्या बोटाकडे बघत होतात. काहीतरी बोलणार असं वाटलं. घसा खाकरलात. मग म्हणालात, "नारळ कोठे शे?" मी नारळ दिला. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी, आईबरोबर डाळ निवडत बसले होते, तेव्हा ती सहज बोलावं तशी बोलून गेली, "त्यास्नी तवयच वळखं व्हतं, पोरी." त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. तुटलेल्या कांडीवर लोखंडाचा ओरखडा होता. आणि माझ्या हातात असती तर सुई असती, लोखंड नसतं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? तुम्हाला माहीत होतं! तुम्ही पाहिलंत, ओळखलंत, आणि तरी मला दाराबाहेर काढलंत, कारण दादा उद्या दुकानावर बसणार होता आणि त्याचं नाव गिऱ्हाइकासमोर खाली जाऊन चालणार नव्हतं. माझं गेलेलं चालत होतं. माझं नाव कोणत्या पाटीवर लागायचं होतं? मी डाळीतला खडा हातात धरून तशीच बसले. आईने तुमच्या चष्म्याच्या घरातून ती सुई काढून मला दिली. शेवटपर्यंत वापरलीत म्हणे. वापरलीत, आणि कोणी केली ते एकालाही सांगितलं नाहीत.

हे सगळं माझ्या डोक्यात, आणि पुढ्यात पेन. मी ह्यांच्या हातून पेन घेतलं. इंजिनिअरला वाटलं सही करतेय, त्याने कागद जिन्याच्या कठड्यावर धरला. मी म्हटलं, "भाऊ, आकडे कुठे असतात? पेटीत की लॅपटॉपात?" म्हणाला, पेटीत, पण लॅपटॉप जोडल्याशिवाय दिसत नाहीत. "लॅपटॉप कोणाचा?" म्हणाला, कंपनीचा. "त्याला कुलूप?" म्हणाला, पासवर्ड आहे. "तो मला माहीत आहे का?" म्हणाला, नाही. "मग कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि आत हात माझा कसा गेला? कुंकवाच्या बोटाने पासवर्ड उघडतो का?" हे मागून म्हणाले, "अगं, जाऊ दे न." मी म्हटलं, "तुम्ही खाली जा, पिठावर फडकं टाका, वाळेल ते." आणि नाना, ते गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गेले.

मी वही आणली. उघडून त्याच्यापुढे धरली. "सही करते मी. पण आधी हा आकडा टाका. उत्तर, अंतर तेरा. नाही लागलं तर तुमच्या कागदावर दोन वेळा सही करीन." त्याने वाचलं. "पण काकू, ते गाव साडेसहावर आहे. मी आठ टाकलंय. नियमाने टाकलंय." मी म्हटलं, "गाव साडेसहावरच आहे. माणूस कुठे आहे?" त्याला कळेना. मी कारण लिहिलेलं दाखवलं, मळा दाखवला, नकाशा काढायला लावला. अकरा किलोमीटर. तो म्हणाला, "मग हे लोक पत्ता गावाचा का देतात?" मी म्हटलं, "तुम्ही कुठले?" म्हणाला, सावद्याचा. "सावद्याचे आणि तुम्ही मला विचारताय? तुमच्याकडचे मळ्यातले लोक लग्नपत्रिकेवर काय छापतात, मळा नंबर चार?" तेव्हा तो पहिल्यांदा खरा हसला. खाली बसला, लॅपटॉप जोडला, पॉवर पहिल्या जागी आणली, वहीत बघून. मग अंतराच्या रकान्यावर आला आणि थांबला. का कोण जाणे, लॅपटॉप माझ्याकडे वळवला. टोमणा होता की मान होता, अजून ठरत नाही. म्हणाला, "घ्या काकू. आकडा तुमचा आहे, तुम्हीच टाका."

मी म्हटलं, "माझे हात पिठाचे आहेत. टाका तुम्ही." त्याने टाकला. एक, तीन. पेटीने ऐकून घ्यायला थोडा वेळ घेतला. आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत उन्हात बसलेलो. आणि यादीत खालून एक ओळ हिरवी झाली. मागच्या बाकावरची पोर हजर झाली. दोन मिनिटांत माझा फोन वाजला. बाई बांधावर चढलीसुद्धा नव्हती, घरातून बोलत होती. "वहिनी, लागलं व माय! पोरगी नाचू राह्यली!" मी फोन त्याच्याकडे दिला, म्हटलं तुम्हीच ऐका. ऐकून त्याने कागदाची घडी केली आणि खिशात घालायला लागला. मी म्हटलं, "फाडा." म्हणाला, "राहू द्या ना काकू, मी देणार नाहीये कोणाला." "फाडा." फाडला. तुकडे मी घेतले, चुलीला लागतात. मग वही पुढे केली आणि म्हटलं, "आता इथे लिहा. तुमच्या अक्षरात. काय चुकलं आणि कोणाचं." त्याने लॅपटॉप मिटला. मला वाटलं आता हा उठून जाणार. पण त्याने लिहिलं. उत्तरेचं अंतर माझ्याकडून कमी भरलं गेलं होतं, काकूंच्या वहीवरून दुरुस्त केलं. सही, तारीख. आणि जाताना जिन्यात वळून म्हणाला, "काकू, चुकलं माझं. आळ घ्यायला नको होता." दोन वाक्यं. अडीच पायऱ्या उतरेपर्यंत म्हणून झाली. एवढाच वेळ लागतो, नाना. नारळ मागायला लागतो तेवढाच.

म्हणून मी रागावलेली आहे. सावद्याचा एक परका माणूस, ज्याचं मी काही लागत नाही, तो जिन्यात वळून जे म्हणू शकला, ते तुम्हाला एका दसऱ्याला जमलं नाही, पुढच्या जमलं नाही, माझ्या लग्नात जमलं नाही, मी बाळंतपणाला आले तेव्हा जमलं नाही. लोक म्हणतात गेलेल्या माणसावर राग धरू नये. पंधरवड्यात मी तुमच्या नावाने पान वाढते, कढी तुम्हाला आवडायची तशी पातळ करते, त्यात कधी चूक होत नाही. यंदाही करीन. पण हे मनात ठेवून करीन, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

हे पत्र मी वहीतच ठेवते आहे, उत्तरेच्या फळीच्या पानाशी. टाकायचं कुठे होतं? फक्त एक गोष्ट राहिली, ती त्या इंजिनिअरला सांगितली नाही, ह्यांनाही नाही. मी पेटीला कधी हात लावला नाही, दसऱ्याचं बोट सोडून. तुमच्या कांडीलाही कधी लावला नाही. दोन वेळा आळ आला आणि दोन्ही वेळा हात कोरा होता. काल पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, तुम्हीच टाका, आणि माझा हात आपोआप मागे गेला, पदराखाली, तुमच्या दुकानात मी स्टुलावर बसून मागे ठेवायची तसा. मी म्हटलं, पिठाचे आहेत. नव्हते, नाना. वर जाण्याआधी मी ते धुतले होते, पुसले होते. हात स्वच्छ होते.